अरणगावचे मौन आणि साता समुद्रांपलीकडचे भक्त

आपल्या नगर जिल्ह्याचे नाव जगाच्या कानावर निरनिराळ्या वाटांनी गेले. एक वाट किल्ल्याची. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू नगरच्या किल्ल्यात बंदिवासात होते आणि तेथेच त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. दुसरी वाट शिर्डीची. ती तर कोणी दाखवावयासही नको. तिसरी वाट मात्र जगाला ठाऊक आहे आणि आपल्याला तितकीशी नाही. नगरहून दौंडच्या बाजूला पाच-सहा मैल गेले, की अरणगाव लागते. गावाशेजारून रेल्वेचा रूळ जातो. रुळाच्या अलीकडे जुन्या लष्करी छावणीच्या जागी काही बैठ्या इमारती आहेत आणि पलीकडे टेकडीवर एक लहानशी घुमटाची समाधी आहे. दरवर्षी जानेवारी सरता सरता या टेकडीवर अमेरिका, इंग्लंड, युरोप, ऑस्ट्रेलिया येथून आलेली माणसे आपल्या आंध्रातल्या, उत्तर प्रदेशातल्या आणि महाराष्ट्रातल्या खेड्यांतील माणसांच्या मांडीला मांडी लावून बसतात. ३१ जानेवारीला दुपारी बाराच्या ठोक्याला सगळी टेकडी एकदम गप्प होते आणि पंधरा मिनिटे गप्प राहते.

ही माणसे इतक्या लांबून येथे का येतात? त्यांना कोणी बोलावले? ज्याच्यासाठी ती येतात तो पुरुष तर आयुष्यातली त्रेचाळीस वर्षे तोंडातून एक शब्दही न काढता राहिला. व्याख्यान नाही, प्रवचन नाही, कीर्तन नाही. मग परमुलुखात त्याच्याभोवती एवढा भक्तसमुदाय जमला कसा, आणि तो गेल्यावर टिकला कसा? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला येथे शोधावयाचे आहे. त्यांना झालेला साक्षात्कार खरा की खोटा, त्यांचा अवतारपणाचा दावा मानावा की न मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. इतिहासाच्या अभ्यासकाचे ते काम नव्हे. श्रद्धा माणसांना एकत्र कशी आणते, त्यांना कोणत्या कामाला लावते आणि संकटात ती कशी तग धरते, एवढेच त्याने पाहावे.

आता मूळ पुरुषाकडे वळू. मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात झाला. घराणे जरथुष्ट्री, आईबापांचे मूळ इराणचे. शिक्षण पुण्यातच, सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि डेक्कन कॉलेजात. १९१३ साली, कॉलेजात असतानाच, पुण्याच्या लष्कर भागात लिंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध मुसलमान फकीर स्त्रीशी त्यांची गाठ पडली आणि त्यांचे चित्त संसारावरून उडाले. पुढे केडगावचे नारायण महाराज, नागपूरचे ताजुद्दीन बाबा, शिर्डीचे साईबाबा अशा सत्पुरुषांच्या पायांशी ते जाऊन आले. पण त्यांना घडवले ते मुख्यतः आपल्या जिल्ह्यातल्या साकोरीने. साकोरीचे उपासनी महाराज, म्हणजे नाशिक जिल्ह्यातील सटाण्याचे काशीनाथ गोविंद उपासनी, हे साईबाबांचे शिष्य. १९२१ साली मेरवान साकोरीला त्यांच्याजवळ सहा महिने राहिले. त्यानंतर उपासनी महाराजांनी आपल्या काही भक्तांना ‘आता मेरवानला धरा’ अशा अर्थाचा उपदेश केला, असे भक्तांच्या चरित्रांतून सांगितले आहे. नगरच्या गुलमाई इराणी या अशाच भक्तांपैकी. अरणगावची जागा मिळण्यामागे त्यांच्या घराण्याचा हात होता.

इराणी जरथुष्ट्री घरातला मुलगा, मुसलमान फकीर स्त्रीकडून पहिली दीक्षा आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेला ब्राह्मण गुरू! ही गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. परदेशात पुढे जे घडले त्याचे बीज यात आहे. ज्याला स्वतःलाच एका धर्माच्या कुंपणातून दुसऱ्या धर्माच्या अंगणात सहज जाता आले, त्याला आणखी एक कुंपण ओलांडणे जड गेले नाही.

१९२३ च्या मे महिन्यात मेहेरबाबा (हे नाव आता रूढ झाले होते) आपल्या मंडळींसह प्रथम अरणगावास आले. पहिल्या महायुद्धातली लष्कराची ती ओस पडलेली छावणी. पडक्या इमारती, दोन मोठ्या पाण्याच्या टाक्या आणि बाकी माळरान. १९२५ साली तेथे वस्ती उभी राहिली. मोफत दवाखाना, रुग्णालय, कुष्ठरोग्यांची सोय, गोरगरिबांसाठी धर्मशाळा आणि बाबाजानच्या नावाची शाळा. या शाळेत ब्राह्मणांची मुले आणि त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजाची मुले एकत्र होती. मुलांना आंघोळ घालण्याचे आणि संडास साफ करण्याचे काम बाबा स्वतः करीत. शिक्षकबंधूंनो, १९२५ साल ध्यानात घ्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून दोन वर्षे अवकाश होता.

त्याच वर्षी, १० जुलै १९२५ रोजी, बाबांनी मौन धरले. ते कायमचे ठरेल असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते. काही काळ ते लिहून सांगत. १९२७ च्या आरंभी लिहिणेही सोडले आणि इंग्रजी मुळाक्षरांची एक पाटी हाती घेतली. बोट भराभर एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाई, जवळचा माणूस ती अक्षरे जुळवून मोठ्याने वाची आणि दुसरा कोणी त्याचे मराठीत, गुजरातीत किंवा हिंदीत सांगे. ऑक्टोबर १९५४ मध्ये ही पाटीही गेली. मग केवळ हातवारे राहिले.

आता पाहा, या मौनाचा एक विलक्षण परिणाम झाला. गुरू बोलता असला, की भाषेची भिंत आपोआप उभी राहते. ज्याला मराठी येते तो जवळचा आणि ज्याला येत नाही तो दारात. येथे तसे होईना. अरणगावचा शेतकरी आणि न्यूयॉर्कची विमा-व्यवसायातली बाई दोघेही सारखेच परावलंबी. दोघांनाही बोटाकडे, चेहऱ्याकडे पाहावे लागे आणि तिसऱ्याच्या तोंडून अर्थ घ्यावा लागे. मौनामुळे बाबा परदेशी माणसापासून जितके दूर होते, तितकेच ते गावकऱ्यापासूनही होते. म्हणून जवळिकीची मोजदाद बोलण्याने न होता सोबतीने होऊ लागली.

या सोबतीचा पहिला परदेशी प्रसंग घडला तोही आपल्याच जिल्ह्यात. १९२८ साली आश्रम काही महिन्यांकरिता नेवासे तालुक्यातील टोका येथे, गोदावरी-प्रवरेच्या संगमावर हलविला होता. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच परिसरात. आश्रमातली शाळा मोठी व्हावी, तिच्यात इंग्लंडमधली मुलेही यावीत, म्हणून नगरचे रुस्तम इराणी यांना विलायतेला पाठविले होते. मुले काही आली नाहीत. आला मेरेडिथ स्टार नावाचा इंग्रज, आपल्या वाग्दत्त वधूसह आणि तिच्या बहिणीसह. टोक्याच्या संगमावर काही महिने राहून ही मंडळी मायदेशी परतली आणि डेव्हनशायरमध्ये ईस्ट चालाकोंब या ठिकाणी स्टारने एक साधनागृह काढले. बीज पडले ते असे, जाळे टाकले मुलांसाठी आणि हाती लागले भलतेच.

सप्टेंबर १९३१ मध्ये बाबा स्वतः विलायतेस निघाले. कराचीहून ‘राजपुताना’ बोटीवर चढले, आणि योगायोग असा, की त्याच बोटीने महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेला चालले होते. प्रवासात गांधीजी त्यांना भेटले, पाटीवरून दोघांचे बोलणे झाले. इंग्लंडात पोहोचल्यावर साधनागृहात आलेल्या लोकांत काही स्त्रिया होत्या. मार्गारेट क्रॅस्क ही बॅले नृत्याची नामांकित शिक्षिका, किटी डेव्ही, डेलिया डिलिऑन. त्याच वर्षी अमेरिकेत त्यांना दोन स्त्रिया भेटल्या, नोरिना मॅचाबेली ही रंगभूमी गाजविलेली इटालियन नटी आणि एलिझाबेथ पॅटरसन ही न्यूयॉर्कमध्ये विम्याचा व्यवसाय करणारी. ही नावे लक्षात ठेवा. परदेशातला भक्तसमुदाय उभा राहिला तो बव्हंशी या कर्त्या, स्वतंत्र बाण्याच्या स्त्रियांच्या हातून.

पण इतिहास सांगताना उजळ बाजूच तेवढी सांगणे बरे नव्हे. १९३२ साली बाबा पुन्हा पश्चिमेला गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले होते. हॉलिवूडमध्ये मेरी पिकफोर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध नटदांपत्याने आपल्या घरी त्यांचे स्वागत केले. १३ जुलै १९३२ रोजी हॉलिवूड बाउल या भव्य खुल्या नाट्यगृहात बाबा मौन सोडणार आणि ते शब्द नभोवाणीवरून सगळ्या जगाला ऐकू जाणार, अशी घोषणा झाली. बाबा मध्यंतरी पूर्वेकडे निघाले आणि वाटेवरून तार आली, कार्यक्रम रद्द. ज्यांनी जाहिराती केल्या, जागा ठरविल्या, मित्रांना आग्रह करकरून बोलावले, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करा! पत्रांनी खिल्ली उडविली. मेरेडिथ स्टार दुरावला. पॉल ब्रंटन हा इंग्रज लेखक आपल्याकडे येऊन, बाबांना भेटून गेला होता. १९३४ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात त्याने बाबांवर कडक टीका केली आणि हे पुस्तक पश्चिमेत फार खपले.

येथे खरी कसोटी होती. प्रसिद्धीच्या पायावर उभा केलेला समुदाय प्रसिद्धी उलटल्यावर कोसळावयास हवा होता. पुष्कळ लोक गेलेही. राहिले ते थोडेच, पण जे राहिले ते आता शब्द ऐकण्याच्या आशेने राहिलेले नव्हते. मला वाटते, मेहेरबाबांच्या परदेशी समुदायाचा खरा आरंभ १९३१ च्या स्वागतात मानू नये, १९३२ च्या या फजितीत मानावा. पीक कापल्यावर खळ्यात वारा द्यावा लागतो. भुसा उडून जातो, दाणा तेवढा खाली राहतो. वारा दिला तेव्हा रास लहान दिसते. पण पेरणीला तोच दाणा कामाला येतो.

यापुढे रीत बदलली. लोकांना जमवावयाचे नाही. राहिलेल्यांना सोबत राहावयास आणावयाचे. १९३६ च्या अखेरीस नाशिकला पाश्चात्त्य मंडळींसाठी आश्रम काढला, तो काही महिने चालला. १९३८ मध्ये पाश्चात्त्य स्त्रियांना अरणगावच्या टेकडीवर आणले. टेकडीवरच्या दगडी टाक्यांच्या इमारतीत बाबांच्या भारतीय शिष्या राहत होत्या. तिच्यावर एक मजला चढविला आणि वर या परदेशी बायका राहू लागल्या. नगरचा उन्हाळा, विहिरीचे पाणी, ठरलेले जेवण, भल्या पहाटे उठणे आणि सांगितले ते काम. राजवाड्यांतून आणि रंगमंचांवर वावरलेल्या बायका येथे एकाच दालनात राहावयास शिकल्या. हेलन डाम ही स्वित्झर्लंडची चित्रकर्ती त्यांच्यात होती. टेकडीवरच्या समाधीच्या आतील भिंतींवरची चित्रे तिनेच काढली आहेत. समाधीच्या घुमटाभोवती चार कोपऱ्यांवर मंदिर, मशीद, क्रूस आणि अग्निपात्र ही चार धर्मांची चिन्हे आहेत. त्याच वर्षीच्या अखेरीपासून बाबांनी या सगळ्या स्त्रियांना एका निळ्या बसमध्ये बसवून भारतभर हिंडविले. बस चालवीत असे एलिझाबेथ पॅटरसन. १९३८ सालच्या हिंदुस्थानातल्या रस्त्यांवर एक अमेरिकन बाई बस हाकते आहे, हे दृश्य आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने डोळे विस्फारून पाहिले असेल.

त्याच सुमारास नगरहून ‘मेहेरबाबा जर्नल’ हे इंग्रजी मासिक निघू लागले. १९३८ ते १९४२ अशी चार वर्षे ते चालले. पाटीवरून सांगितलेली बाबांची प्रवचने त्यात प्रसिद्ध होत आणि त्यांना ग्रंथाचे रूप दिले ते नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डॉ. चक्रधर देशमुख यांनी. नगरसारख्या जिल्ह्याच्या गावी छापलेले शब्द बोटीने लंडन-न्यूयॉर्कला जात, हे आपल्या जिल्ह्याच्या मुद्रणाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

सोबत झाली, आता जमीन. १९४१ साली बाबांनी नोरिना आणि एलिझाबेथ यांना अमेरिकेत जाऊन जागा शोधावयास सांगितले. जागेच्या अटी पाच. हवा सम असावी. जमीन कोरी, न वापरलेली असावी. पाणी मुबलक असावे. तेथे राहणारांचे पोट त्या मातीतून भरता यावे. आणि जागा मनापासून दिलेली असावी. वाचकहो, या अटी ऐकून कोणत्याही कुणब्याला त्या ओळखीच्या वाटतील. शेवटची सोडली तर आपणही रान घेताना हेच पाहतो. जागा सापडली ती दक्षिण कॅरोलिना राज्यात, समुद्रकाठच्या मर्टल बीच या ठिकाणी, एलिझाबेथच्या वडिलांच्या कंपनीच्या मालकीच्या रानात. सुमारे ५०० एकर झाडी, तळी आणि वाळूचा किनारा. तेथे लाकडी घरे, सभागृह, विहिरी अशी हळूहळू बांधणी झाली आणि २१ एप्रिल १९५२ रोजी बाबा तेथे पोहोचले.

त्याच प्रवासात, २४ मे १९५२ रोजी, ओक्लाहोमा राज्यात प्राग नावाच्या गावाजवळ त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. गाडी एलिझाबेथच चालवीत होती. बाबांचा पाय आणि हात मोडला, त्यांच्या निकटच्या शिष्या मेहेरा इराणी यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. आपल्याच हातून गुरूला अपघात व्हावा, याहून मोठे दुःख शिष्याला कोणते? तरी एलिझाबेथ खचून बाजूला झाल्या नाहीत. १९८० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते केंद्र सांभाळले. किटी डेव्ही यांनी भारतात वर्षानुवर्षे राहून १९५२ नंतर मर्टल बीचला ठाण मांडले, ते १९९१ मध्ये शंभरीत देह ठेवीपर्यंत. क्रॅस्क महायुद्धाची वर्षे भारतात राहिल्या आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये नृत्य शिकवीत राहिल्या. कोणाला भगवी वस्त्रे दिली नाहीत, कोणाचे नाव बदलले नाही. ज्याचा जो धंदा तो त्याने करावा, हीच रीत.

ऑस्ट्रेलियात हेच घडले. फ्रान्सिस ब्रॅबझन या कवीने क्वीन्सलंडमध्ये वूम्बाय गावाजवळ डोंगरावर जागा मिळविली. तिला ‘अवतार्स अबोड’ म्हणतात. १९५८ साली बाबा तेथे गेले. तोच त्यांचा शेवटचा परदेशप्रवास. १९५६ च्या डिसेंबरात साताऱ्याजवळ दुसरा मोटार-अपघात होऊन त्यांच्या कमरेच्या हाडाला इजा झाली होती, त्यात डॉ. नीलू हे त्यांचे जुने सोबती दगावले. चालणे कठीण झाले होते, तरी बाबा गेले.

मग प्रवास थांबले, आणि धागा राहिला पत्रांचा. नगरच्या उत्तरेला पिंपळगावजवळ मेहेराझाद येथे बाबा राहत. त्यांची धाकटी बहीण मणी इराणी तेथून १९५६ ते १९६९ या काळात पाश्चात्त्य भक्तांना सामाईक पत्रे लिहीत असे. अशी ८२ पत्रे झाली आणि पुढे ती पुस्तकरूपाने निघाली. त्यांत तत्त्वज्ञानाचे ओझे नाही. आज कोण आले, बाबांची प्रकृती कशी आहे, पाऊस पडला की नाही, असा घरगुती मजकूर. सासरी गेलेल्या मुलीला माहेराहून पत्र यावे आणि तिने ते शेजारणीलाही वाचून दाखवावे, तसे ते होते. कुटुंब एका छपराखाली नसले तरी पत्राने कुटुंब राहते, हे आपल्याला सांगावयास नको. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाच्या मनीऑर्डरीच्या पाठीवरच्या चार ओळींवर आपली कित्येक घरे उभी राहिली आहेत.

येथपर्यंत जोडण्याची कथा झाली. परंतु बाबांच्या रीतीचा दुसरा भाग मोडण्याचा आहे, आणि माझ्या मते खरे मर्म तेथे आहे. १९२६ च्या अखेरीस त्यांनी अरणगावची भरभराटीला आलेली वस्ती बंद केली. टोका सोडले. नाशिकचा आश्रम आवरला. १६ ऑक्टोबर १९४९ रोजी तर ‘नवजीवन’ म्हणून जे होते नव्हते ते विकून-वाटून, वीस सोबत्यांना घेऊन ते भिक्षेकऱ्याच्या वृत्तीने अरणगावातून बाहेर पडले आणि जुन्या भक्तांशी संबंध तोडले. त्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांना त्यांची पत्रे मिळेनात. वरचेवर लांबलचक एकान्तवास असत, त्या वेळी कोणी भेटू शकत नसे. सहवास आणि वियोग, पुन्हा सहवास आणि पुन्हा वियोग. विहिरीत पोहायला शिकविणारा माणूस मुलाला पोटाखाली हात देतो आणि मधूनच हात काढून घेतो. मूल गटांगळ्या खाते, रडते. पण पुढे ते पोहते ते हात काढल्यामुळेच.

१९५५ च्या नोव्हेंबरात अरणगावात गुजराती, तेलुगू, हिंदी आणि मराठी अशा चार भाषांच्या भक्तांसाठी एकेक आठवड्याचा ‘सहवास’ झाला. त्याच्या आदल्या वर्षी पाश्चात्त्य पुरुषांना बोलावले होते, आणि १२ सप्टेंबर १९५४ ला नगरच्या वाडिया पार्कवर मोठे दर्शन झाले. १९६२ च्या नोव्हेंबरात पुण्यात पूर्व-पश्चिमेचे भक्त एकत्र आणले. प्रत्येक वेळी चार-आठ दिवसांची सोबत, आणि मग ‘आता घरी जा’.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतले तरुण नशेच्या गोळ्यांत ईश्वर शोधू लागले, तेव्हा बाबांनी त्याला निक्षून विरोध केला. १९६६ मध्ये ईश्वर गोळीत सापडेल काय, अशा अर्थाच्या शीर्षकाची त्यांची छोटी पुस्तिका निघाली. ज्यांनी ती वाचून नशा सोडली त्यांतले अनेक जण पुढे अरणगावच्या वाटेला लागले. इंग्लंडचा संगीतकार पीट टाउनशेंड यानेही त्याच दशकाच्या उत्तरार्धात बाबांची वाट धरली. पण यांतल्या बहुतेकांना बाबा भेटलेच नाहीत. ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे त्यांचा देहान्त झाला. आठवडाभर देह टेकडीवर दर्शनासाठी ठेवून ७ फेब्रुवारीला समाधी दिली. मौन शेवटपर्यंत सुटले नाही.

पुढचा प्रसंग पाहा. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या काळात पुण्यात पाश्चात्त्य भक्तांसाठी दर्शन ठेवल्याचे बाबांनी आधीच ठरविले होते. बाबा गेले. दर्शन कोणाचे घ्यावयाचे? तरी ठरलेल्या तारखांना ते झाले. खुर्ची रिकामी होती आणि परदेशांहून शेकडो माणसे आली. १९३२ साली ठरलेला शब्द आला नाही तेव्हा बहुतेक निघून गेले होते. १९६९ मध्ये गुरूच नव्हता तेव्हा लोक आले. या सदतीस वर्षांत समुदाय काय शिकला, ते या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

आपल्याच जिल्ह्यात याचे ताडून पाहण्यासारखे नमुने आहेत. साईबाबांनी १९१८ साली समाधी घेतली, वारस नेमला नाही. १९२२ मध्ये संस्थान झाले आणि आज शिर्डी कोठल्या कोठे गेली. साकोरीला उपासनी महाराजांनंतर गोदावरीमातेने कन्याकुमारी स्थान चालविले. अरणगावात गादी नाही, गादीवरचा महाराज नाही. १९५९ साली स्थापन झालेला विश्वस्त निधी समाधीची व्यवस्था पाहतो, दवाखाना आणि शाळा चालवितो. २००६ साली यात्रेकरूंसाठी नवे निवासस्थानही उभे राहिले. मर्टल बीच, क्वीन्सलंड आणि इतर ठिकाणची केंद्रे आपापल्या पायांवर उभी आहेत. त्यांच्यात मतभेद होतात, कामाच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. पण दहा जुलैला ती सगळी मौन पाळतात.

स्वामी विवेकानंद १८९३ साली शिकागोला गेले, ते वाणीच्या बळावर; परमहंस योगानंद १९२० मध्ये अमेरिकेला गेले आणि व्याख्याने, शिकवणीचे पाठ यांच्या बळावर संस्था उभारून तेथेच राहिले; गणेशपुरीचे स्वामी मुक्तानंद १९७० नंतर गेले, ते ध्यान आणि दीक्षा घेऊन. प्रत्येकाची वाट निराळी आणि प्रत्येकीचे मोल आहे. अरणगावची वाट सर्वांत संथ. थोडी माणसे, पुष्कळ सोबत, हाताला काम, पायाखाली जमीन, आणि मधूनमधून मुद्दाम दिलेला विरह. तिच्यात धोकाही होताच. ज्यांना विरह सोसला नाही ते तुटले, आणि न पाळलेल्या शब्दाचा सल कित्येकांच्या मनात राहिला. तो हिशेबही इतिहासात मांडलाच पाहिजे.

शिक्षकबंधूंना जाता जाता एक सुचवितो. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. २०२४ पासून कागदोपत्री नवे नाव आले. नाव बदलले तरी जमीन तीच आहे. जिल्ह्याचा भूगोल शिकविताना नकाशावर शिर्डी, साकोरी, टोका, अरणगाव आणि पिंपळगाव ही पाच ठिकाणे मुलांकडून रेघेने जोडून घ्या. मग जगाचा नकाशा काढा आणि अरणगावाहून डेव्हनशायर, मर्टल बीच आणि वूम्बायपर्यंत रेघा ओढायला सांगा. गावातल्या वृद्धांना विचारू द्या, टेकडीवर त्यांनी काय पाहिले, कोणाला पाहिले, गोऱ्या बायांना पाहून त्यांचे आईवडील काय म्हणत. त्यांतले पुष्कळसे अजून कोणी लिहून ठेवलेले नाही. परदेशी भक्तांनी आपल्या आठवणींची पुस्तके केली. अरणगावच्या माणसांच्या आठवणी मात्र ओसरीवरच राहिल्या आहेत. सांगणारी माणसे आहेत तोवर त्या उतरवून घेणे, एवढे काम आपल्या हातचे आहे.